लातूरची बस, किनवटचा रस्ता

(संस्थेच्या वार्षिक उपकारस्तुतीच्या सभेत नांदेड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या अंकात बसचे छायाचित्र छापून आले, तेव्हापासून मला तीन प्रश्न सारखे विचारले जातात. जुनी बस का घेतली? मोठी मिळत असताना मधली का घेतली? आणि बाई, ती तुम्ही खरेच चालवता का? चौथा प्रश्न समोर कुणी विचारत नाही, पण उपासनेनंतर बाहेर चपला घालताना तो माझ्या कानावर आला आहे. बसवर क्रूस का नाही? सेक्रेटरीसाहेबांनी मला अर्धा तास दिला आहे. चारही उत्तरे द्यायचा प्रयत्न करते.

आधी बस कशासाठी, ते सांगते. किनवट आणि माहूर तालुक्यांत गोंड, कोलाम, आंध, परधान अशा जमातींची वस्ती आहे. यांपैकी कोलाम ही राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. कोलामांची वस्ती पोडावर असते. पोड म्हणजे दहा-वीस घरांचा पाडा, तोही बहुधा डांबरी रस्त्यापासून आत. आपले कार्यकर्ते तिथे मोटारसायकलवर आणि पायी वर्षानुवर्षे जात आहेत. अडचण तपासणीची होती. गरोदर बाईला झोपवून तपासायचे, तर आडोसा पाहिजे. रक्त घ्यायचे, तर स्वच्छ टेबल, पाणी आणि उजेड पाहिजे. शाळेची खोली मागायची, तर सुट्टीचा दिवस बघावा लागतो, आणि झाडाखाली पडदा धरून कुठल्या बाईला मोकळेपणाने बोलता येईल?

त्यात सिकलसेलचे काम वाढले. हा रक्ताचा आजार आईबापांकडून मुलांत येतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो, म्हणून त्याला तपासणीची गरजच वाटत नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरवले. पहिल्या चाचणीला थेंबभर रक्त पुरते. पण तो थेंब घेणारा माणूस, टेबल आणि नाव लिहायची वही एका जागी यावी लागतात, आणि जिच्या रक्तात दोष निघाला तिला बाजूला बसवून समजावून सांगायला जागा लागते. आरोग्य खात्याच्या पथकांबरोबर राहून आपण एवढेच काम करतो. औषध डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय बसमधून एक गोळीसुद्धा दिली जात नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण देणगी देताना काही जणांच्या मनात वेगळे चित्र होते. बस पोडावर जात नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत तिची मागची चाके अशी बसतात की चार बैलजोड्या लावूनही हलायची नाही. बस आठवडी बाजाराच्या गावी जाते. इस्लापूर असो, मांडवी असो, बाजाराच्या दिवशी पोडावरची माणसे मीठमिरची घ्यायला आपणहून तिथे येतात. सकाळी नऊला आपण बाजाराच्या कडेला, सावली बघून उभे राहतो. रुग्णाला मुद्दाम प्रवास करावा लागत नाही आणि त्याची मजुरीही बुडत नाही. १९९१ साली आपल्या देशात लाइफलाइन एक्स्प्रेस ही दवाखान्याची आगगाडी सुरू झाली, तिचेही तत्त्व हेच. ती स्टेशनात काही आठवडे उभी राहते आणि लोक तिच्याकडे येतात. मुंबई-पुण्यात डोअर स्टेप स्कूल या संस्थेने बसमध्ये वर्ग थाटून फूटपाथवरच्या आणि बांधकामावरच्या मुलांना शिकवले, तीही बस मुलांच्या वस्तीपाशी जाऊन उभी राहते. अशा गाडीच्या आयुष्यातले बहुतेक तास उभे राहण्यात जातात. हे एकदा ध्यानात घेतले की जुनी गाडी का चालते, ते कळते. आपल्याला वेग नको होता. आत ताठ उभे राहता येईल असे छत, सपाट फरशी आणि मजबूत चासी, एवढे हवे होते.

जुनी बस शोधायला आम्ही लातूरला गेलो. लातूर पॅटर्नचे नाव तुम्ही ऐकलेच आहे. त्या शहरात शाळा, कॉलेजे, क्लास आणि वसतिगृहे यांची एवढी गर्दी आहे की पोरांची ने-आण करणाऱ्या बसही तितक्याच आहेत. २०२० च्या मार्चपासून शाळा बंद पडल्या आणि या बस बराच काळ जागेवर उभ्या राहिल्या. त्यामुळे कागदावर आठ-नऊ वर्षांची गाडी आणि प्रत्यक्ष पळालेली त्याहून कमी, असा माल तिथे मिळतो. काहींनी सुचवले होते की एसटीच्या लिलावातली गाडी स्वस्त पडेल. पण भंगारात काढून जिची नोंदणी रद्द झाली ती गाडी पुन्हा रस्त्यावर येत नाही, तिचा पत्राच काय तो कामाचा.

आम्ही सहा गाड्या पाहिल्या. मिस्त्री आमच्याबरोबर नांदेडहून आले होते, आणि त्यांनी एकाही गाडीचा रंग पाहिला नाही. ते आधी चिखलात पाठीवर झोपून गाडीखाली शिरत. फरशीखालचे आडवे चॅनेल, पाट्यांचे बूड आणि पायरीचा कोपरा हातोडीने ठोकून बघत. गंज रंगाखाली लपतो, पण आवाजात सापडतो. दोन गाड्या तिथेच बाद झाल्या. शाळेची बस दर शंभर पावलांवर थांबते, म्हणून तिचा क्लच आणि ब्रेक आधी झिजतो, हेही त्यांनीच सांगितले. टायर नक्षीवरून चांगले दिसत होते, पण टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. त्यावरून दोन टायर सात वर्षांचे निघाले. उभ्या गाडीचे रबर न पळताही म्हातारे होते. शेवटी २०१६ सालची एक पिवळी बस ठरली. ५ लाख ४० हजार रुपयांना मिळाली, आणि त्या दोन टायरांचे पैसे मिस्त्रींनी घासाघीस करून कापून घेतले.

मोठ्या बसबद्दल. एका कुटुंबाने पन्नास आसनांची बस देऊ केली होती, तेही फुकट. त्यांचे मन मोठे आहे आणि त्यांनी आमचा नकार प्रेमाने घेतला, म्हणून आज सर्वांसमोर त्यांचे आभार मानते. नकार का दिला, तर मोठ्या बसला माहूरच्या घाटात आणि बाजाराच्या गल्लीत वळायला जागा नाही, तिला डिझेल जास्त, टायर महाग, आणि ती चालवणारा माणूस पगारी ठेवावा लागला असता. आपल्या सोबतच्या संस्थांच्या आवारात अशा दान मिळालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. चाकांभोवती गवत वाढलेले असते आणि आत कोंबड्या.

मग अगदी लहान का नाही? इथे ७५०० हा आकडा लक्षात ठेवा. बसचे ढोबळ वजन, म्हणजे भरलेल्या गाडीचे कंपनीने ठरवून दिलेले कमाल वजन, ७५०० किलोपर्यंत असेल तर कायद्याने ती हलके वाहन ठरते. मोटारीचे साधे लायसन्स असलेल्याला अशी व्यवसायाची गाडी चालवता येते की वेगळी नोंद लागते, यावर वर्षानुवर्षे वाद होता. विमा कंपन्या याच मुद्द्यावर भरपाई नाकारत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली एक निर्णय दिला, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो कायम केला: मर्यादेच्या आतली गाडी असेल तर साधे लायसन्स पुरते. तेव्हा एखादी मंडळी पुढे असा विचार करत असेल, तर मी म्हणेन, शक्य असेल तिथे या मर्यादेच्या आतच राहा. आम्हीही आधी तशाच दोन गाड्या पाहिल्या. पण त्यांत तपासणीचे टेबल आडवे टाकले की पलीकडे जायला वाट उरत नव्हती. म्हणून मधली गाडी घेतली, ती मर्यादेच्या वर गेली आणि लायसन्सचे काम अंगावर आले. आसने काढली की वजन कमी होईल, असे मला तिघांनी सांगितले. तसे होत नाही. ढोबळ वजन कंपनीच्या कागदावर असते, आपण आत काय ठेवले यावर ते बदलत नाही.

कागदांविषयी थोडक्यात सांगते, पण सांगतेच, कारण सेवेच्या उत्साहात आपण ख्रिस्ती माणसे या बाबतीत फार भोळेपणाने वागतो. पैसे देण्याआधी गाडीवर बँकेचे कर्ज आहे का, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, कर भरला आहे का आणि फिटनेस कधीपर्यंत आहे, ते ऑनलाइन नोंदीत बघून घेतले. आठ वर्षांवरच्या गाडीचा फिटनेस दरवर्षी काढावा लागतो. शाळेचे परमिट आधीच्या मालकांनी आरटीओत परत केले. मग ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, आणि मालकी बदलण्याचे फॉर्म २९ व ३०. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. विम्याचे नाव बदलायलाही चौदाच दिवस मिळतात. गाडी संस्थेच्या नावावर घ्यायची, तर विश्वस्तांचा ठराव लागतो. एखाद्या भावाच्या नावावर "तात्पुरती" घेऊ नये. नंबर मात्र लातूरचाच राहिला, एम एच २४, कारण राज्यातल्या राज्यात तो बदलत नाही. किनवटला लोक विचारतात, लातूरहून आलात का? आम्ही हो म्हणतो. लांबून डॉक्टर आले म्हटले की रांग वाढते.

बदल करताना आम्ही एक नियम पाळला. आधी आराखडा आरटीओच्या निरीक्षकांना दाखवायचा, मग करवत लावायची. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की नोंदणीच्या कागदावरचा तपशील बदलेल असा फेरफार मनाने करता येत नाही. आसनांची संख्या हा तपशील, गाडीचा प्रकार हा तपशील, रंगसुद्धा तपशील. म्हणून छत कापले नाही, चासीला वेल्डिंग केले नाही, आपत्कालीन दार जसेच्या तसे ठेवले. पुढची आठ आसने ठेवली आणि मागची काढली. टेबल, कपाट, पाण्याची टाकी, बॅटरीची पेटी, सारे नटबोल्टने बसवले आहे, उद्या काढायचे म्हटले तर पान्याने निघेल. पाण्याची टाकी मागच्या चाकांच्या वर घेतली, कारण पाणी जड असते आणि अगदी शेपटीला ठेवले तर पुढचे चाक हलके पडते. सुताराला हे पटायला दोन दिवस लागले. पिवळा रंग जाऊन पांढरा आला. शाळेच्या बसला करात सवलत असते, ती गेली. आता बस खासगी सेवा वाहन म्हणून नोंदली आहे. याचा अर्थ असा की आपण कुणाकडूनही भाडे घेऊ शकत नाही. बाजाराहून परतताना लोक हात दाखवतात, वीस रुपये पुढे करतात. मन मोडते, पण वीस रुपये घेतले की परमिटची अट मोडते आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. त्या माणसाच्या घरच्यांना मग काय द्यायचे?

आता लायसन्स. माझ्याकडे मोटारीचे लायसन्स बारा वर्षांपासून होते. व्यवसायाच्या गाडीचे शिकाऊ लायसन्स काढायला हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष जुने असावे लागते. आपल्या किनवट केंद्रातला तरुण कार्यकर्ता माझ्याबरोबर शिकणार होता, त्याचे आठच महिने झाले होते, म्हणून त्याला चार महिने थांबावे लागले. डॉक्टरांचा दाखला, म्हणजे फॉर्म १-ए, लागतो. डोळे, कान, रंग ओळखणे, सगळे तपासतात. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर तीस दिवस झाल्याशिवाय परीक्षा देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला, फॉर्म ५, जोडावा लागतो. नियमाप्रमाणे हे शिक्षण किमान तीस दिवसांचे आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवर पंधरा तासांचे. दाखला विकत देणारी दुकानेही असतात. मी चाळिशी ओलांडलेली बाई, पाठीमागे नर्स आणि गरोदर बायका बसणार. मला पंधरा नाही, तीस तास हवे होते.

शिकवणारे एसटीतून निवृत्त झालेले चालक होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. पहिल्या दिवशी त्यांनी गाडी चालूच करू दिली नाही. मला उतरवून बसभोवती दोन फेऱ्या मारायला लावल्या. "मॅडम, आधी हिची लांबी पायांनी मोजा." मोटारीत आपण पुढच्या चाकांच्या मागे बसतो, बसमध्ये पुढची चाके आपल्या मागे असतात. त्यामुळे वळण घेताना नाक रस्त्याबाहेर गेल्यासारखे वाटते, तरी थांबायचे असते. मागचे चाक आत कापते, आणि मागच्या चाकामागे जो भाग आहे तो उलट्या दिशेला झुलतो. बाजारात त्या झुलण्याच्या टप्प्यात भाजीवाली बसलेली असते. मामांनी मैदानात प्लास्टिकच्या बादल्या मांडल्या. त्यांतल्या किती फुटल्या ते सांगत नाही, शाळेने त्यांचे पैसे घेतले नाहीत एवढे सांगते. मी घाई केली की ते म्हणत, "कामून घाई करायलात? एसटी उशिरा पोचली तर लोक शिव्या देतात, पोचलीच नाही तर रडतात."

एअर ब्रेक ही दुसरी गोष्ट. सकाळी गाडी चालू केल्यावर हवेचा काटा वर येईपर्यंत थांबायचे. काटा खाली असेल तर बझर वाजत राहतो आणि तोवर गाडी हलवायची नाही, मग कोणीही कितीही घाई करो. उतारावर ब्रेक दाबत बसायचे नाही, ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचे. माहूरच्या उताराला आजही मी तेच करते आणि मागे हॉर्न वाजतात, वाजू देत.

परीक्षा नांदेडला झाली. निरीक्षकांनी चढावर थांबवून पुन्हा काढायला लावली, मग मागे घ्यायला लावली. बाई म्हणून सूट नव्हती आणि जाचही नव्हता. लायसन्स पाच वर्षांसाठी मिळाले, पुढे दर वेळी पुन्हा वैद्यकीय दाखला लागेल. आमचा तरुण भाऊ चार महिन्यांनी पास झाला, आणि खरे सांगायचे तर तो माझ्यापेक्षा सफाईदार चालवतो. घरी आंध समाजातले पहिलेच जड वाहनाचे लायसन्स म्हणून त्याच्या आईने फोटो काढून भिंतीला लावला आहे.

आता क्रूसाविषयी. कमिटीत यावर दोन बैठका झाल्या. एक सूचना होती की निदान लाल क्रॉस रंगवावा, दवाखाना आहे हे कळेल. ते करता येत नाही. १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने ते चिन्ह परवानगीशिवाय वापरायला बंदी आहे, मग ते आपण किती का चांगल्या हेतूने वापरेनात. आणि आपली बस रुग्णवाहिकाही नाही. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तर आम्हीसुद्धा १०८ लाच फोन करतो. राहिला आपल्या प्रभूचा क्रूस. माझे मत तुम्हाला आवडेल असे नाही, तरी मांडते. औषधाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपल्याला "नको" म्हणता येत नाही. त्याला टेबलावर झोपवून हातात पत्रिका दिली, तर तो घेईल. ते घेणे त्याचे स्वतःचे नसेल. मी कोण, कुठल्या मंडळीची, हे मी कुणापासून लपवत नाही. विचारणाऱ्याला सांगते, आणि पोडावर विचारणारे पुष्कळ भेटतात. बसच्या दारावर संस्थेचे नाव आणि नोंदणी क्रमांक लिहिला आहे. पत्रिका मात्र बसमध्ये ठेवायच्या नाहीत, असा कमिटीचा ठराव आहे आणि तो माझ्या आग्रहाने झाला आहे. रुष्ट असाल तर माझ्यावर व्हा, कमिटीवर नको.

शेवटी पैसे. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर घातले, तिथेच आपले चित्र संपते. पण तो पुढे उतारशाळेवाल्याला दोन दीनार देतो आणि म्हणतो की याहून जास्त लागले तर परत येताना देईन. तो जास्तीचा खर्च माझ्या डोक्यात बसला आहे. बस घ्यायला साडेपाच लाख सहा महिन्यांत जमले. बदल, रंग आणि कागद मिळून २ लाख ८५ हजार, तेही आले. डिझेलसाठी मात्र या तिमाहीत फक्त चार कुटुंबांचे दान आले. मी दोष देत नाही. दिलेल्या बसकडे बोट दाखवून नातवाला सांगता येते, जळून गेलेल्या डिझेलकडे नाही. पण महिन्याला आठ बाजार करायचे, तर डिझेल, ऑइल, लॅबचे सामान आणि विम्याचा हप्ता मिळून सध्या ३४ हजार रुपये महिना लागतात. एका बाजाराचे सव्वाचार हजार होतात. एखाद्या कुटुंबाला वर्षात एक बाजार उचलता आला, तर दारापाशी वही ठेवली आहे.

आणखी एक मागणे. चालक सध्या दोघेच आहोत. मी आजारी पडले आणि त्याचे लग्न ठरले, की बस उभी. ज्यांच्याकडे मोटारीचे लायसन्स वर्षभरापूर्वीचे आहे आणि ज्यांना महिन्यातून दोन दिवस देता येतील, त्यांनी मला भेटावे. शिकवण्याचा खर्च संस्था करील, मामा शिकवायला तयार आहेत, आणि बहिणींनी संकोच करू नये. मार्चमध्ये फिटनेस आहे. त्याआधी मागचे दोन टायर बदलायचे आहेत, आणि आज दुपारी जेवणानंतर बस आवारात उघडी राहील. आत चढून बघा, फक्त टेबलावर मुलांना नाचू देऊ नका.